पानामागचा मावा

प्रिय धाकटी,

मायन्यात सवयीने ‘चि.’ लिहिले होते. तुला जाऊन महिना झाला, म्हणून खोडले.

घटना क्रमाने मांडते. मावा ही कीड रस शोषू शकणार नाही, असे जनुक मी वांग्याच्या रोपांत घातले. त्या रोपांवर मावा सोडून रोज मोजण्याचे काम तुला दिले. पहिल्या दिवशी तू एकतीस किडे सांगितलेस. मी सर्वांदेखत म्हणाले, “डोळे आहेत की बटणं? पुन्हा मोज.” तू हसलीस. “बरं ताई, उद्यापासून मावाच तुला घाबरून पळेल बघ!” दुसऱ्या दिवसापासून तुझ्या वहीत शून्य येत गेले. त्या शून्यांवर माझे नाव झाले.

आता मोजणी मी स्वतः करते. काल पाने उलटली, तर प्रत्येकामागे मावा दाटला होता.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. एका सकाळी मी हरितगृहाच्या काचेतून तुला पाहिले होते. मोजण्याआधी तू मऊ कुंचल्याने पाने झाडत होतीस, बाळाचे तोंड पुसावे इतक्या हळुवारपणे. मी दार उघडले नाही. मागे फिरले.

सोमवारी हे बियाणे शेतकऱ्यांना देण्याच्या कागदावर मला सही करायची आहे. पेन उचलले की काचेपलीकडे तू पाठमोरी दिसतेस. त्या सकाळी तुला माझी चाहूल लागली होती का? माझे गप्प राहणे तू होकार समजलीस का? उडवाउडवी चालणार नाही. सोमवारपूर्वी लेखी उत्तर हवे, तुझ्याच अक्षरात.

तुझी
ताई