उजवीकडच्या टाचण्या

कोल्हापूर,
ता. ७ जुलै २०२४

ती. रंजीताबाईस,
धाकट्या बहिणीचा, पुनमचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल उघडून घाबरू नकोस. एवढे मोठाले कागद म्हणजे कोणाच्या घराचा नकाशा नाही, ब्लाऊजचा आहे.

आमच्या दुकानातून नाटकांना आणि शाळांच्या संमेलनांना पोशाख भाड्याने जातात हे तुला माहीतच आहे. यंदा एका नाटकमंडळीला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बायकांचे कपडे हवे होते, म्हणून मालकीणबाईंनी विलायतेहून हे कागद मागवले. त्या काळच्या बेतणीवरून नव्याने छापलेले आहेत. पुढे नाटक बारगळलं आणि कागद पडून राहिले. मी मागितले, त्यांनी दिले. प्रत्येक तुकड्यावरचं इंग्रजी वाचून मी पेन्सिलीने मराठीत लिहिलं आहे.

सोबतचं चित्र बघ. गळा कानापर्यंत बंद, बाह्या मनगटापर्यंत. पुढचं कापड सगळं सैल, चुण्या घालून कमरेवर असं ओघळलेलं की बाई कबुतरासारखी छाती काढून चालली आहे असं वाटावं. तू हसशील. पण बाई, मला हा हवा आहे, आणि नाटकासाठी नाही, मला घालायला. खाली साधा काळा घागरा घालीन. इथे शिंप्यांना तोटा नाही, तरी मला तुझ्याच हातचा हवा.

गेल्या वर्षी भाऊजींच्या तेरवीला आले होते तेव्हा तू मशीनवर चादर टाकली होतीस. ती अजून तशीच आहे असं शेजारच्या कलाबाईंनी मागे फोनवर सांगितलं. मी त्यावर काही बोलत नाही. कागद तेवढे बघ.

व्हिडिओ कॉल करत नाही म्हणून रागावू नकोस, फोनचा कॅमेरा बिघडला आहे. तसंही फोनवर आपण दोघी जेवलीस का आणि झोपलीस का यापुढे जात नाही. माझं माप वेगळ्या चिठ्ठीवर आहे. पेटीतला माझा जुना ब्लाऊज काढून त्यावरून कापू नकोस, मी बरीच वाळले आहे.

बाकी क्षेम. माया आहे तशीच राहू दे आणि उत्तर धाड.

तुझी,
पुनम

---

सिंदेवाही,
ता. २८ जुलै २०२४

चि. पुनमले रंजीताचे अ. उ. आ.

पार्सल भेटलं. कलाबाई तवा इथीच बसून होती. तिनं कागद पाहून विचारलं का जमिनीची मोजणी निघाली का. मी सांगितलं का आमच्या पुनमचा ब्लाऊज व्हय. तिचं म्हननं पडलं का एवढ्या कपड्यात इथल्या तीन बायाइचे ब्लाऊज होतीन आन वरून उशीची खोळ.

पह्यले मी कागद घडी करून ठेऊन देल्ले. तुले नाई म्हनून लिहाचं ठरवलं होतं. मशीनवर बसलं का तुह्ये भाऊजी आठवते. ते मांगं खाटेवर पडून रेडिओ आयकत, आन मधीच सांगत का जरा पायडल थांबव, बातम्या लागल्या. आता थांब म्हननारं कोनी नाई, म्हनून चालवाचंच मन होत नाई.

मंग एक दिवस धानाच्या रोवणीचे मजूर पान्यानं वापस गेले, मी बी घरीच. कागद भुईवर पसरवले. तुह्या अक्षरात लिहलेलं, पुढचा भाग, बाही, गळपट्टी. ते वाचता वाचता मशीनवरची चादर कवा काढली ते मलेच समजलं नाई. तेल सुकून गेलं होतं. तेल टाकलं, पट्टा बदलला.

हा ब्लाऊज मोठा इचित्र हाये. आपला अंगाले धरून राह्यते. याच्यात आतमंधी अंगाबरोबर अस्तर, आन वरचं कापड त्याच्यावर नुसतं सोडून देल्लं. म्हंजे अस्तर बसलं तं सारं बसलं. म्हनून पह्यले मांजरपाटाचं अस्तरच शिवून पाठवून राह्यली. माप मात्र तुह्या जुन्या ब्लाऊजचं घेतलं, रागावू नको. तुह्या चिठ्ठीतलं माप मले दुसऱ्याच बाईचं वाटलं. छातीचा आकडा तू लिहून खोडला, दुसरा लिहला, तो बी खोडला. घाईत लिहलं असन.

घालून पाह्यजो. सैल असन तिथी टाचण्या लावजो आन टाचण्यासकट वापस पाठवजो. एकटीनं लावू नको, मालकीनबाईले लावून दे म्हनजो. आन कॅमेरा सुधरवून घे. तुही वेणी पाहून किती दिवस झाले.

जेवत जा. माह्यी आठवण उरली असन तं लवकर लिहजो.

तुही बाई,
रंजीता

---

कोल्हापूर,
ता. १८ ऑगस्ट २०२४

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

मांजरपाट मिळाला आणि चादर निघाल्याचं वाचून मी ते पत्र दुकानात दोनदा वाचलं. शिवण अजून तशीच आहे तुझी, आतून बघितलं तरी बाहेरून बघितल्यासारखी.

टाचण्या मीच लावल्या. मालकीणबाईंना दुकानातून सवड नव्हती. उजवीकडे जरा जास्त लागल्या. आरशात उलटं दिसतं, त्यामुळे चुकल्याही असतील. तू सांभाळून घे. खाणावळीच्या जेवणाने अंग राहिलं नाही, दुसरं काही नाही. केस उन्हाळ्यात आखूड कापले, त्यामुळे वेणीचा विषय मिटला.

भाऊजींच्या वर्षश्राद्धाला यायचं फार मनात होतं. रजा मिळत नाही. इथे पाऊस चिकट आहे, नुसता रस्त्यावर पडतो. आपल्याकडे धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर पडताना जो आवाज होतो, तो इथे कुठेच नाही. दुकानाच्या मागे एक पत्रा आहे, परवा त्याच्याखाली जाऊन उभी राहिले, पण तसा नाही वाजला.

कामाच्या घाईत आखूड लिहिते. मला विसरू नकोस, एवढंच.

तुझी,
पुनम

---

सिंदेवाही,
ता. ५ सप्टेंबर २०२४

चि. पुनमले अ. उ. आ.

तुह्या टाचण्या मी काढल्या नाई. अस्तर तसंच मेजावर पसरून हाये, त्याच्याच बाजूले बसून लिहून राह्यली.

पुनम, टाचण्या चुकल्या नाईत. डावीकडचा छातीच्या गोलाईचा टक्स मी शिवला होता तसाच हाये. उजवीकडचा तू पुरा मोडला, कापड सपाट केलं आन काखेपर्यंत एका रेषेत टाचण्या लावल्या. वाळलेल्या बाईचं कापड दोन्हीकडून सैल होते. एकाच बाजूनं नाई होत.

नवरगावच्या एका बाईचा ब्लाऊज मी असाच शिवला होता, ते नागपूरहून छातीचं आपरेशन करून आली तवा. तिनं दाराले कडी लावली आन मंग पदर काढला. मी तुह्या अस्तराच्या उजव्या बाजूवर हात ठेवून पाह्यला. मंग समजलं का तुह्या फोनचा कॅमेरा काऊन बिघडला, आन केस काऊन आखूड झाले.

मले राग येऊन राह्यला. पह्यले तुह्यावर येते, मंग माह्यावर. मी इथी वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसली, आन तू तिकडं आपरेशनच्या खोलीत एकटी गेली. आई गेल्यावर तुले मीच न्हाऊ घालत होती. तुह्या अंगावर कुठी तीळ हाये ते तुह्यापेक्षा मले जास्त मालूम. आन एवढं मोठं झालं ते मले टाचण्याइनं सांगावं?

खोटं असन तं पत्र भेटल्याबरोबर फोन कर आन मले मनभर शिव्या दे, का बाई तू वाईटसाईट मनात आणते. खरं असन तं लिही. फोनवर नको सांगू, मले आयकवणार नाई. लिही.

तुही बाई

---

कोल्हापूर,
ता. १५ सप्टेंबर २०२४

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

मी फोन केला नाही, त्यातच तुला कळलं असेल.

भाऊजींच्या तेरवीहून परत आले त्याच आठवड्यात न्हाताना गाठ हाताला लागली. तुला सांगायचं म्हणून फोन केला होता. तू उचललास आणि काही बोललीच नाहीस, नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मग मी जेवलीस का विचारलं आणि ठेवला. नंतर सांगायची वेळच निघून जात राहिली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन झालं. दवाखान्यात मालकीणबाई बसल्या होत्या. नंतरची औषधं चढवली त्यात केस गेले. आता बोटभर आलेत. डॉक्टर म्हणतात की सध्या अंगात काही उरलेलं दिसत नाही, मात्र तपासणीला येत राहावं लागेल.

आता ब्लाऊजचं सांगते. साडी नेसता येते, पण पदर सारखा उजवीकडे ओढून धरते. ड्रेस घातला तर ओढणी. रस्त्याने चालताना माझा एक हात कायम त्याच कामात असतो. दुकानात ते चित्र पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यात हात मोकळा राहील. पुढचं सगळं कापड सैल, कुठे काय आहे आणि कुठे नाही हे बघणाऱ्याला कळणारच नाही. इथल्या शिंप्याकडे गेले होते, बाई. त्याची बायको टेप घेऊन पुढे आली आणि मी घड्याळ बघून काम आठवल्यासारखं करून निघून आले. तुझ्याशिवाय कोणाच्या हातात टेप देववत नाही. आणि तुझ्याही हातात देववली नाही, म्हणून आकडे खोडले.

तुला मशीनवर बसवायचं होतं हेही खरं. पण ते अर्धंच खरं आहे.

तुझी आठवण येते हे लिहून काही होत नाही. दवाखान्यात मला भूल उतरताना तहान लागली होती आणि मी तुला पाणी मागत होते. मालकीणबाईंनी नंतर सांगितलं, की बाई म्हणजे कोण ते त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं मी त्यांनाच बोलावते आहे. त्यांनी पाणी दिलं.

रागावलीस तरी चालेल. पण ब्लाऊज शिव.

तुझी,
पुनम

---

सिंदेवाही,
ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. पुनमले अ. उ. आ.

तू फोनवर रोज विचारते का ब्लाऊज कुठवर आला, आन मी होऊन राह्यला म्हनते. आता नीट लिहते. बाकीचं, जे रडाचं होतं ते मी रडून घेतलं, ते लिहत नाई.

कापड ब्रह्मपुरीहून आनलं, पांढरं वायल, अंगाले टोचणार नाई असं. पुढच्या बारीक चुण्या घालाले लय दिवस लागले. एक वाकडी गेली का पुढची बी तिच्या मांगं जाते. दोनदा उसवलं. कलाबाई रोज येऊन पाहून जाते आन म्हनते का आपल्याले बी बाह्या तशाच पाह्यजे. तिले मी काई सांगितलं नाई, सांगाचं असन तं तूच सांगजो.

कागदापरमाने बटनं पाठीवर होती. ते मी बदलवलं. तुह्या उजव्या हाताले मांगं नेता येत नसन, नवरगावच्या बाईले बी येत नव्हता. बटनं पुढं घेतली, चुणीच्या आत लपवून. काखेचा घेर मोठा केला, हात वर केला तरी ओढणार नाई. त्या इंग्रज बायाइले काई म्हनाचं असन तं म्हनू दे.

आन अस्तराले आतून एक थैली लावली. तिच्यात घालाले सावरीच्या कापसाची मऊ गादी केली, पाखराच्या पिसासारखी हलकी हाये. घालाची तं घाल, नाई तं काढून ठेव. ब्लाऊज दोन्ही रीतीनं बसते. तुह्यं तू ठरव, मी त्याच्यात बोलत नाई.

पोस्टानं पाठवत नाई. धान कापून झालं, चुरून दाने काढाचे तेवढे राह्यले. ते झालं का नागपूरहून कोल्हापूरची गाडी धरते. येऊ नको म्हनून फोन करू नको, तिकीट काढून झालं.

मी येवस्तोवर धीर धर.

तुही बाई,
रंजीता

---

कोल्हापूर,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. बाईस,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कलाबाईंनी कळवलं. तू स्वतः फोन केला नाहीस. मीही केला नाही.

तू आलीस त्या दिवसाबद्दल मला लिहायचं होतं. तू पिशवी ठेवलीस, हातपाय धुतलेस आणि मला म्हणालीस की कपडे काढ, फिटिंग बघू. जशी गिऱ्हाइकाला सांगतेस तशी. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांशिवाय कोणी ते पाहिलं नव्हतं, मीही आरशाकडे पाठ करून कपडे बदलत होते. तू बघितलंस, व्रणावरून एकदा हात फिरवलास आणि विचारलंस की थंडीत ओढतं का. मी हो म्हणाले. मग तू ब्लाऊज चढवलास, खालची चुणी जरा सरळ केलीस आणि तोंडातली टाचणी काढून सांगितलंस की बसला. बाई, मला वाटत होतं की तू रडशील आणि मग मला तुला सांभाळावं लागेल. ते तू मला करू दिलं नाहीस.

तू गेल्यावर सोमवारी तो घालून दुकानात गेले. गादी घातली नव्हती, तशीच गेले. रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ वळून बघत होते, पण ते कॉलरकडे. बाजारात दोन्ही हातांत पिशव्या धरल्या, आणि घराच्या दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं की वाटेत मी उजवीकडे एकदाही हात नेला नाही. शुक्रवारी तपासणी झाली. अहवाल चांगला आहे. डॉक्टरीणबाईंनी ब्लाऊज कुठून घेतला ते विचारलं. मी सिंदेवाही म्हटलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

तू परत परत म्हणालीस की चल, तिकडे ये, दोघी राहू. मी नाही म्हणाले आणि तू गाडीत चढताना माझ्याकडे बघितलं नाहीस. माझा दवाखाना इथे आहे आणि तुझं शेत तिथे. दोन्ही उचलून नेता येत नाहीत. उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली तर महिनाभर येईन. कबूल केलं आहे, तसं लिहूनही देते.

बाकी सगळं नीट आहे. फक्त तू झोपायचीस ती सतरंजी अजून गुंडाळलेली नाही. सकाळी उठून न्हाणीकडे जाते तेव्हा अजून तिला वळसा घालून जाते.

तुझी,
पुनम