डावा सात, उजवा सहा

धाकटे,

तू कंपनीला परत पाठवलेले बूट काल माझ्या घरी आले, म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिलं नसतं. आपलं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे, आणि ते तू बंद केलंस हेही. पण लिहिणं बंद झाल्याचं कोणी कळवलेलं नाही. तेव्हा आधी रीतीप्रमाणे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? (आडवं पडून मोबाइल बघणं सोडलंस तर बरी होईल. सोडणार नाहीस, म्हणून औषधपाण्याचं विचारत नाही.) तुझ्या यजमानांचा खोकला थांबलेला दिसतो, कारण गेल्या रविवारी ते इथे चांगले तासभर बसले आणि एकदाही खोकले नाहीत. सहज आलो म्हणाले. सहज आलेला माणूस निघताना दारात उभा राहून पुन्हा पुन्हा "मग तिला काय सांगू?" असं विचारत नाही. मी म्हटलं, गुडघा सुधारतोय एवढं सांगा.

तेही खरं नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर बजावलं होतं की रोज चालायचं, मऊ तळाच्या, नाडीच्या बुटांत चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग जिन्याचं नाव काढायचं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. म्हणजे बूट मिळाले नाहीत तर मी उरलेलं आयुष्य खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजत काढणार, असा त्याचा सरळ अर्थ. आणि बूट म्हटलं की आपल्या घराण्याचे पाय आडवे येतात. माझा डावा पाय सात नंबरचा, उजवा सहाचा. तुझं बरोब्बर उलट. बाबांना यात कधी व्यंग दिसलंच नाही, सोय दिसली. एक जोड साताचा घ्यायचा, एक सहाचा, आपसांत अदलाबदल करायची, काही उरत नाही. आपली लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण पायांना काही वेगळं होता आलं नाही. इतक्या वर्षांत तुझ्याशिवाय मी बूट घेतला नाही आणि माझ्याशिवाय तू.

मग तुला मोबाइलवर खरेदीचा साक्षात्कार झाला. गेल्या वर्षी दुकानात तू जे केलंस ते मी विसरलेले नाही. सैलशेठनी (हे नाव तूच ठेवलंस, कारण कुठलाही बूट चावतो म्हटलं की ते "घालून घालून सैल होईल" म्हणतात) आपल्याला नेहमीच्या दोन स्टुलांवर बसवलं, पाणी दिलं, अर्धं दुकान खाली काढलं. तू एकेक बूट पायात घालून पाहिलास, खोक्यावरच्या नंबराचा फोटो काढलास आणि त्यांच्यादेखत म्हणालीस की हेच फोनवर निम्म्यात मिळतात, हा माणूस आपल्याला वर्षानुवर्षं लुटतोय. मी तुला गप्प बस म्हटलं. त्यावर तू उठलीस आणि म्हणालीस, "ताई, तुला बूट नकोच असतात. तुला तिथे बसायचं असतं." आणि गेलीस. मी उघड्या खोक्यांच्या ढिगात, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी. तू गेल्यावर तिथे काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस.

आता सैलशेठ म्हणजे कोणी साधुपुरुष आहेत असं माझं म्हणणं नाही. बूट घट्ट असला तर सैल होतो, सैल असला तर संध्याकाळी पाय सुजल्यावर नीट बसतो, आणि अगदीच नाही बसला तर दोष मोज्यांचा. पण ते खोटं बोलायला लागले की बूट चढवायची ती पत्र्याची पट्टी सदऱ्याला पुसायला लागतात. पट्टी हातात घेतली की मी समजते आणि दुसरा जोड मागते. मोबाइलवरचा फोटो काही पुसत नाही. तिथे बूट ढगावर ठेवलेला असतो आणि त्यातून प्रकाश येत असतो. खाली लोकांची मतं. एका गृहस्थांनी पाच तारे देऊन लिहिलंय, "अजून उघडला नाही, पण खोकं छान आहे." दुसऱ्या बाईंनी एक तारा दिलाय, कारण बूट आला तेव्हा त्या घरी नव्हत्या. आपण माणसं घर घेताना करत नाही इतकी चौकशी चपलेसाठी करतो आणि शेवटी विश्वास ठेवतो तो खोकं आवडलेल्या माणसावर.

ऑपरेशननंतर मी काठी टेकत एकटी दुकानात गेले. सैलशेठनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे. "आज दुसऱ्या बाई नाहीत? मग जोड कसा फोडू?" म्हणाले. वरून असले मऊ तळाचे बूट आता आम्ही ठेवतच नाही, ते गिऱ्हाईक फोनवर गेलं, असंही म्हणाले, आणि पट्टीला हात लावला नाही. तेव्हा ते खरं होतं.

नाइलाजाने मी तुझ्या लेकीला बोलावलं. (ती माझ्याशी बोलते. तिच्यावर रागावू नकोस.) तिने साताचा एक जोड मागवून दिला. उजव्या बुटात कापूस कोंबून मी फिरायला निघाले. कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे उजवा बूट थांबला आणि मी पुढे गेले. बँकेच्या पहारेकऱ्याने तो आणून दिला, अतिशय गंभीर चेहऱ्याने. मग मी कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ सतार ऐकवली, अधूनमधून माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगितलं. शेवटी एक मुलगी आली. तिला मी आपल्या पायांचा सगळा इतिहास समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." माझ्या पायांबद्दल आजवर कोणी दिलगिरी व्यक्त केली नव्हती. मी तिला म्हटलं, यात तुमची काही चूक नाही, हे वडिलांकडून आलंय. जोड मात्र ते फोडत नाहीत. म्हणजे सैलशेठ आणि ती एवढी मोठी कंपनी यांचं निदान एका बाबतीत एकमत आहे.

तुझी कारवाई मला त्याच सुमारास कळली. तुझ्या लेकीनेच सांगितली, आणि वर कौतुकाने. सहाचा आणि साताचा असे दोन जोड मागवायचे, तुझा उजवा-डावा काढून घ्यायचा, आणि उरलेले दोन एका खोक्यात घालून "आकार जमला नाही" म्हणून परत करायचे. न्यायला येणारा माणूस एक डावा, एक उजवा, रंग एकच एवढं बघतो आणि जातो. धाकटे, बाबा आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. तो विजोड जोड कोणाच्या पदरात पडेल याचा तू विचार केलास? कोणीतरी गरीब जीव खोकं उघडणार, पाय घालणार, आणि बिचाऱ्याला वाटणार की आपलेच पाय बिघडले. तुला खरमरीत पत्र लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं.

तो गरीब जीव मीच निघाले. तुझ्या लेकीने दुसऱ्यांदा मागवताना परत आलेल्या मालातले बूट घेतले, स्वस्त पडतात म्हणून. काल खोकं आलं. झाकण काढलं तर तुझ्या गुलाबी पावडरीचा वास. बुटाच्या नाडीला बाबांची गाठ, दोनदा फिरवून शेपूट आत खोचलेली. ती गाठ जगात आता दोनच माणसं मारतात, आणि मी मारलेली नव्हती. शिवाय ती न सोडताच पाय उपसून काढलेला. शाळेत असल्यापासून तू हेच करतेस आणि टाचा मोडतेस. मी डावा घातला. बसला. उजवा घातला. बसला. घरभर फिरले, चांगला अर्धा तास तक्रारीला जागा शोधली, सापडली नाही. आज सकाळी बँकेच्याही पुढे बागेपर्यंत जाऊन आले. पहारेकऱ्याने माझ्या पायांकडे पाहून मान डोलावली.

हे मुद्दाम केलंस का, असं तुझ्या लेकीला विचारलं, तर ती फोन चार्जिंगला लावायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. वस्तू हातात घेऊन, माणसाचं तोंड बघून घ्यावी. फसवणूक दोन्हीकडे होते, पण दुकानात निदान कोणावर डोळे वटारायचे ते कळतं.

तुझी ताई

ता. क. हे बूट वर्षभर पुरतील. झिजले की पुन्हा हेच मागव, आणि उरलेले कंपनीला पाठवू नकोस. इकडे पाठव. यात तत्त्वाचा काही प्रश्न नाही, हमालीचा आहे.

आणखी एक. चामड्याचे बूट मात्र मी फोनवर घेणार नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी सैलशेठकडे जाणार आहे. तुला बोलावत नाही. तिथे स्टुलं दोन असतात, एवढंच कळवते.

या पत्रासोबत, आज पुन्हा सहज आलेल्या तुझ्या यजमानांच्या हाती दिलं ते असं: एक खोकं, वर सैलशेठच्या दुकानाचं नाव. आत बूट, तपकिरी, चामडी. उजवा सात, डावा सहा. गेल्या वर्षी तू निघून गेल्यावर दोन्ही जोड घेतले त्यातले, माझ्या कपाटात होते. न घातलेले. नाड्यांना गाठ मारलेली आहे. घालताना सोडावी.