आईचे हसू नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
आक्षेपार्ह चित्रपट विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : ऑनलाइन संग्रहातील चित्रपटाची एकमेव प्रत नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, व चित्रपट पाहिल्यानंतर आलेले आपले आक्षेपपत्र.

महोदय,

मी विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून, कुठेच न मिळणाऱ्या जुन्या चित्रपटांचा ऑनलाइन संग्रह चालवतो. त्यातला एक माझ्या वडिलांनी चित्रित केला होता. पहिल्या खेळानंतरच त्यावर बंदी आली आणि आईचा तो बघायचा राहून गेला. दूरच्या एका संग्राहकाने आपल्या फडताळातली प्रत मला पाठवली. आई तेव्हा ताईकडे गेली होती. ती परत यायच्या आत आपला आदेश आला : चित्रपट काढून टाका आणि महिनाअखेर प्रत नष्ट करा. मी निमूटपणे काढला.

१. बंदी उठवावी असा अर्ज केला, तेव्हा आपण कळवले की सर्व प्रती जाळल्याची नोंद असल्याने असा चित्रपट अस्तित्वातच नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. मग नष्ट काय करायचे, असे मी विचारले. 'सदर चित्रपट' असे उत्तर आले.

२. पुढे मी पुन्हा अर्ज केल्यावर आपल्या तपासणी समितीला चित्रपट पाहणे भाग पडले. आपल्याकडे प्रत नाही आणि माझ्याकडची बाहेर देणे किंवा कोणाला दाखवणे गुन्हा. तेव्हा आपल्या कार्यालयातून दुकानात फोन आला, "अहो, आमच्यापुरता अर्धा तास ऑनलाइन चालू करा ना, साहेब खोळंबलेत." मी केला. त्या अर्ध्या तासात, ताईकडून परतलेल्या आईनेही पाहून घेतला, हे प्रामाणिकपणे कळवतो.

३. आपला पहिला आक्षेप, 'भांडी घासणारी स्त्री नेत्यांच्या फलकाकडे पाहून हसते.' ती माझी आई. ठरलेली नटी आली नाही म्हणून वडिलांनी तिला बसवले. कॅमेरा घेऊन मागे मागे सरकताना त्यांचा पाय साबणाच्या बादलीत गेला, त्याला ती हसली. आधीच्या दृश्यात दिसणारा फलक नेमका त्यांच्या मागे होता, यात तिचा काय दोष? हसण्याजोगे नेते तेव्हाही पुष्कळ होते, पण आईला त्या दिवशी घरचाच माणूस पुरला.

४. दुसरा आक्षेप, 'पार्श्वभूमीला एका पुरुषाचा अर्वाच्य उद्गार.' महोदय, ते माझे वडील. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिल्यामुळे त्यांचा धड फोटोही नाही. आता ते नाहीत. बादलीत पाय गेल्यावर निघालेली ती शिवी, एवढाच त्यांचा आवाज शिल्लक आहे. तो जाळायचा म्हटले की मला रडू येते.

समितीला काहीतरी कापावेच लागेल, हे मी आईला समजावले. तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. "साहेबांना लिही, माझं हसू कापायचं तर कापा. ह्यांची शिवी तेवढी राहू द्या."

आपल्या पुढील उत्तराच्या प्रतीक्षेत,
विजेच्या दुकानाचा चालक
(सही)
दिनांक : महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी

सोबत : बादलीचे छायाचित्र. (मूळ बादली आईच्या वापरात असल्याने सादर करता येत नाही.)