आखूड गिअर

नागसेन,
पप्पांच्या गाडीत गिअरचा जुना दांडा काढून तो आखूड शिफ्टर बसवण्याआधी घरात कुणाला विचारलंस? त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं कंपनीत प्रेसखाली गेली, तेव्हापासून ते तळव्यानेच गिअर ढकलतात. तुझा हा घट्ट गिअर तळव्याला दाद देत नाही. आज चाकण चौकात मागचे हॉर्न वाजवत होते, पप्पा दांड्यावर तळवा आपटत होते आणि मी शेजारी बसून बघत होते. शेवटी एका रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन दिली.

घरी आल्यावर म्हणाले, "पोराची हौस आहे, राहू दे." आणि किल्ली आपल्या खिळ्यावरून काढून तुझ्या खिळ्यावर अडकवली.

मी सेकंड शिफ्टला चाललेय. जुना दांडा माळ्यावर आहे. मी येईन तेव्हा किल्ली त्यांच्या खिळ्यावर दिसली पाहिजे.
ताई