बाबांचं तिसरं कडवं

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना मनापासून सलाम. मी ठीक आहे. बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशीही माझी लाँड्री वेळेवर उघडली, चाळीस चादरींना इस्त्री झाली. रडू आलं नाही. अजूनही येत नाही. जेवतो मात्र नीट.

रविवारी चर्चच्या तरुण संघानं मला धरलं. त्यांना उपासनेच्या गीतांच्या चालींवर गमतीची गाणी रचायची होती. बाबा घरी नेहमी म्हणायचे त्या गीताची चाल मी दिली. पोरांनी पाळकांच्या लांबलचक प्रवचनावर दोन कडवी झकास जुळवली. पाळकच सगळ्यांत मोठ्यानं हसले. मीही हसलो, म्हणजे तोंड हसलं.

मग पेटी वाजवणारी पोरगी म्हणाली, "काका, तिसऱ्या कडव्याला चाल वर चढते ना? म्हणून दाखवा."

मला येईचना. आपल्या घरी ते कधी कुणी म्हटलंच नाही. दुसऱ्यालाच बाबांचा दम संपायचा आणि ते म्हणायचे, "पुढचं देवाला पाठ आहे."

तुझा गुडघा कसा आहे? आणि ताई, बाबांच्या मातीला मला येता आलं नाही, म्हणून विचारतो. तिथे तेच गीत झालं असणार. तिसरं कडवं म्हटलंत, की दोनवरच थांबलात? एवढं नक्की कळव.

तुझाच,
धाकटा