दुधाखालचा दगड

अव्वा, यंदा नाताळच्या सुट्टीत मी वळसंगलाच आहे. शाळेतल्या बायका गोव्याला, महाबळेश्वरला गेल्यात आणि रोज फोटो टाकतायत. निघताना त्यांनी विचारलं, तुझा न्यू इयरचा काय प्लॅन? मी म्हटलं, माहेरी जाते, आई नाही, वडिलांची तब्येत जरा नरम आहे. जरा नरम! तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुण्यात ऱ्हाऊन खोटं बी ग्वाड बोलाय शिकलीस की." तुला खरं ते सांगते. साखरेनं आधी अप्पांची नजर नेली, मग किडन्या नेल्या. सोलापूरला डायलिसिस चालू होतं, आठवड्यातनं दोनदा सुया, येताना उलट्या, की पुन्हा सुया. डिसेंबरच्या सुरुवातीला नर्स सुई घेऊन आली तेव्हा अप्पांनी हात पांघरुणात ओढून घेतला आणि तुझ्यासारखंच कन्नडमध्ये म्हणाले, "साकु." पुरे. मी रडले, भांडले, शपथा घातल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, घरी न्या, मागतील ते खायला द्या, नवीन वर्षाचं काही सांगता येत नाही. मी मान डोलावली आणि खालच्या दुकानातून त्यांच्यासाठी नवे पायमोजे घेतले. का घेतले, ते अजून कळत नाही.

तर घर उघडलं, झाडलं, पाणी भरलं. आपलं रान वाट्यानं करणाऱ्या शेजारच्या अक्का तुला आठवतात ना, तुझ्याच वयाच्या, अजून ताठ आहेत. त्या रोज दोनदा येऊन जातात आणि माझ्या हातच्या भाकरीला नावं ठेवतात. "मास्तरीणबाई, ही भाकर हाय का नकाशा?" असं अप्पांसमोर म्हणतात, म्हणजे ते हसतील. ते हसतातही. पाय सुजलेत, तोंडाला कसलीशी धातूसारखी चव येते म्हणतात, दुपारभर झोपतात, पण जागे असले की नव्या वर्षाची तयारी काढतात. कॅलेंडर आणलंस का? लाव की मग. संक्रांत कवा हाय बघ. गड्ड्याच्या जत्रंला कोण कोण येतंय, घोंगडी उन्हात घाल. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांनी भिंतीकडं बघत हे सगळं चालतं, आणि मी हो हो म्हणते. किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर गुंडाळी करून कपाटावर ठेवलं होतं, ते लावायला माझा हात होईना. "लावलं," म्हणून सांगितलं. त्यांनी भिंत चाचपली नाही, एवढं बरं झालं.

यंदा येळवस एकतीस तारखेच्या आदल्या दिवशी आली. अप्पांनी एकच धोशा लावला होता, येळवशीला रानात न्यायचं. पुण्यात मला लोक विचारतात, येळवस म्हणजे काय, तेव्हा मी सांगते की मार्गशीर्षातली अमावास्या, त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात जेवतात. कडब्याची खोप, त्यात पाच पांडव म्हणून पाच दगड, भज्जी, आंबील, शेंगापोळी. एवढं सांगून मी थांबते. दुधाचं कुणाला सांगत नाही. खोपीसमोर तीन दगडांवर मडक्यात दूध उतू घालायचं, आणि ते उगवतीला गेलं तर वरीस चांगलं. मावळतीला गेलं तर ओढाताणीचं. दक्षिणेला गेलं तर त्याचं नाव कुणी घेत नाही. हे ऐकून त्या बायका "हाऊ स्वीट" म्हणतील, म्हणून नाही सांगत.

मी चौथीत वगैरे असेन. तू खोपीसमोर उकिडवी बसलेली आहेस, तोंडाला धूर लागतोय, आणि मडक्याच्या मागच्या कडेखाली तू एक काळा चपटा दगड हळूच सरकवतेस. मी ओरडणार, "अव्वा, दगुड..." तेवढ्यात तू माझ्या मांडीला असा चिमटा काढतेस की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. "गप बस. दुधाला काय कळतंय उगवत आन् मावळत? त्याला वाट दावावी लागती." मग दूध वर येतं, फेस धरतं आणि सांगितल्यासारखं उगवतीच्या कडेनं निखाऱ्यावर सांडतं. बैलांना कडबा टाकत असलेले अप्पा वळून बघतात आणि दोन्ही हात तोंडाशी धरून बोंब ठोकतात, "उगवतीलाऽऽ!" शेजारच्या रानांतनं लोक उलट ओरडतात. तू तोंडावर पदर घेऊन हसतेस आणि तो दगड निवला की कमरेला खोचतेस. घरी तो फळीवर मिठाच्या बरणीमागे असायचा. दर वर्षी तोच दगड. मला वाटायचं, हे फक्त आपल्या दोघींचं आहे.

आता भांडायचं ते भांडून घेते. तू गेलीस त्या वर्षीही दूध उगवतीलाच गेलं होतं. मी कॉलेजातनं सुट्टी काढून आले होते, माझ्या डोळ्यांदेखत तू दगड ठेवलास, अप्पांनी बोंब ठोकली, सगळं रीतसर झालं. चैत्रात तुला कावीळ झाली आणि आषाढात तुला आपल्या रीतीनं रानात कडुलिंबाखाली पुरलं. दाखवलीस ना दुधाला वाट? मग? तेरावा झाल्यावर मी फळीवरचा तो दगड परसात फेकायला निघाले होते. फेकला नाही, पण त्यानंतर मी एकाही येळवशीला आले नाही. शाळा, परीक्षा, पोरांची आजारपणं, कारणं काय, पैशाला पासरी. तू गेल्यावर दूध अक्का ठेवायच्या. त्या सांगतात, ते जायचं तिकडं जायचं, आणि अप्पा बोंब ठोकायचे ती उगवतीचीच.

परवा अप्पांना रानात नेलं. अक्कांच्या जावयानं गाडी थेट बांधापर्यंत घातली आणि प्लास्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचलून आणलं. सावलीत बसवू का म्हटलं, तर म्हणाले, "न्हाय, तुझ्या अव्वापाशी बसीव." म्हणून खोपीच्या दक्षिण अंगाला, तुझ्या समाधीला खेटून, खुर्ची ठेवली. ज्वारी छातीएवढी आलीय, कणसं दुधात आहेत, पण तुझ्या शेजारी एक पट्टा कोरा दिसला. मला वाटलं उगवणच झाली नाही. मी अक्कांना विचारलं तर त्या पांडवांना चुना लावत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पेरणीच्या वक्तालाच अप्पा बोल्ले, तेवडं सोडा म्हून. दिसत नव्हतं तरी काठीनं दावलं, हितनं हितवर." अव्वा, पेरणीच्या वेळी डायलिसिस चालू होतं, मी दर रविवारी फोनवर त्यांना पुढच्या वर्षीचं सांगत होते, तिरुपतीला जाऊ, पुण्याला या, आणि ते "व्हय व्हय" म्हणत होते. मी त्या कोऱ्या पट्ट्याकडं पाठ करून चूल पेटवायला घेतली.

दगड मी सोबत नेला होता. पिशवीत, रुमालात बांधून. मडकं ठेवताना अक्का आंबील घुसळत होत्या, कुणी बघत नव्हतं, ठेवायचा तर तोच वेळ होता. मी हातात घेतला आणि मला असा संताप आला म्हणतेस! कुणाला फसवायचं आता? ज्यांना दाखवायचं त्यांना दिसत नाही, आणि जिला दिसतंय त्या मला कोरा पट्टा दिसतोय. मी तो परत पिशवीत टाकला. जाऊ दे दूध जायचं तिकडं. ते बराच वेळ नुसतंच धुमसत राहिलं. मग एकदम वर आलं, आणि दक्षिणेला गेलं. जरासंही इकडं तिकडं नाही, सरळ अप्पांच्या खुर्चीकडं, तुझ्याकडं. निखारे चरचरले, करपल्याचा वास सुटला. अक्कांनी तोंडाला पदर लावला.

"कुणीकडं गं?" अप्पांनी विचारलं.

"उगवतीला, अप्पा."

"व्हय की," अक्का लगेच म्हणाल्या, "भडाभडा उगवतीलाच गेलं बगा."

करपलेला धूर अप्पांच्याच तोंडावर येत होता. त्यांनी सुजलेले पाय, त्या नव्या पायमोज्यांतले, हळूच खुर्चीखाली मागे ओढून घेतले. मी बघितलं, अक्कांनीही बघितलं. आणि मग त्यांनी दोन्ही हात उचलले, ते तोंडाशी नीट जुळेनात, तरी त्या फाटक्या आवाजात त्यांनी बोंब ठोकली, "उगवतीलाऽऽ!" खोकल्याची उबळ आली. चार रानांतनं लोक उलट ओरडले. नंतर त्यांनी आंबील मागितली. इतके महिने मी त्यांना पाणीसुद्धा वाटीवाटीनं मोजून द्यायला लावलं होतं. परवा पेला गच्च भरून दिला. गटागटा प्यायले, मिशी चाटली आणि म्हणाले, "तुझ्या अव्वाची जरा आंबट असायची." तुझी आंबट असायची हे खरंच आहे, बाई.

काल एकतीस तारीख. अप्पांनी सकाळीच सांगितलं, कडक भाकरी करायला घे, गड्ड्याला पाव्हणे येतील. मी गॅस बारीक करून तव्यावर एकेक भाकरी वाळवत बसले आणि ते स्वयंपाकघराच्या दारात गोधडीवर भिंतीला टेकून बसले. कधीमधी एखादी हातात घेऊन कडेला टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे, "अजून जरा" म्हणायचे. चळत चांगली वीतभर झाली तेव्हा मी म्हटलं, पुरे आता, एवढी कुठं माणसं येतात गड्ड्याला? "भरपूर कर," ते म्हणाले, "आवंदा लई येत्याल. आन् तुला त्या वक्ताला चुलीपुढं बसाय हुणार न्हाय." मी पुढची भाकरी थापायला घेतली. दुसरं काय करणार? पीठ हाताला चिकटत होतं, अक्का असत्या तर नावं ठेवली असती.

मग तेच म्हणाले, "दगुड न्हवता ठिवला न्हवं?"

माझा हात परातीतच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या येळवशीपास्नं. लगीन हून वरीस बी झालं नव्हतं. तिनं दगुड ठिवला, पर उलट्या अंगाला, उगवतीच्याच कडंखाली. म्हंजी दूध मावळतीला जानार. ती पानी आनाय हिरीवर गेली आन् म्या फिरवला." ते हसायला लागले, हसता हसता धाप लागली. "दर वर्सी उलटाच ठिवायची. तिला काय ती बाजू उमजलीच न्हाय कदी. दर वर्सी म्याच फिरवायचो, बैलाकडं जाता जाता."

"मग तिला... अव्वाला सांगितलं नाहीत कधी?"

"कशाला? आन् तू बी सांगू नगंस तिला."

सांगू नगंस तिला. जणू तू परसात धुणं वाळत घालतेयस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शेवटी शेवटी भ्रम होतो, माणसं कालची आणि आजची एक करतात. त्यांना भ्रम झाला होता की ते माझी थट्टा करत होते, मला ओळखू आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. थोड्या वेळानं भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला. संध्याकाळी पुण्याहून ह्यांचा फोन आला, मागे फटाके वाजत होते, मी सांगितलं, जेवले, झोपलेत.

आज एक तारीख. सकाळपासून अप्पा नीट जागे झालेले नाहीत. हाक मारली की "हूं" म्हणतात आणि परत जातात. श्वास मध्येच थांबतो, मग येतो. अक्का येऊन बघून गेल्या, जाताना दार उघडंच ठेवून गेल्या. कॅलेंडर शेवटी लावलं, त्यांना खोटं सांगितलेलं निदान खरं व्हावं म्हणून. कडक भाकरीची चळत फडक्यात बांधून फळीवर ठेवलीय. तुला सांगू नको म्हणून त्यांनी बजावलंय, तेव्हा हे पत्र लिहून झालं की पाणी तापवायच्या चुलवणात जाळून टाकणार आहे. तू अजून त्याच समजुतीत राहा की तुझा दगड तू बरोबर बाजूलाच ठेवत होतीस.

एवढंच राहिलं सांगायचं. मघाशी त्यांच्यासाठी चमचाभर दूध तापवायला ठेवलं, तेव्हा मी तो दगड काढून गॅसवरच्या पातेल्याखाली सरकवला. ठेवला, आणि बाजू बरोबर आहे की उलटी, तेच आठवेना. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.