सात लाख वीस हजार सातशे एकवीस

६ जानेवारी, सोमवार
आज रुजू झाले. माजरीच्या कोळशाच्या धुळीत चौदा वर्षं शिकवल्यावर आरमोरीपलीकडची ही मुलींची आश्रमशाळा म्हणजे चंगळच. साठ मुली, जंगलाला लागून मैदान, स्वच्छ हवा. स्वयंपाकीण गुणाबाईंनी आल्या आल्या गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. प्रवासाने अंग मोडून आलंय, पण मन खूश आहे.

८ जानेवारी
सातवीला माझी लाडकी संख्या दिली: ७,२०,७२१. दोनपासून सोळापर्यंत कशानेही भागा, बाकी एकच. मुली दुपारभर भागत बसल्या. करिश्मा सगळ्यांत चुणचुणीत. म्हणाली, "मॅडम, बिचारा एकटाच उरते तो."

९ जानेवारी
प्रार्थनेला पाच-पाचच्या रांगा केल्या. बारा रांगा भरल्या आणि एक मुलगी उरली. सहा-सहाच्या केल्या, तरी तीच. हजेरीत नावं साठच. नाव विचारलं तर मैदानाकडेच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. गुणाबाईंना बोलावून दाखवली, तर त्यांना तिथे कोणी दिसेना. "थकल्या तुमी, बाई. झोपा जराशा."

१० जानेवारी
ती मोहाखाली अजून उभीच आहे. वाटलं, माझ्या त्या लाडक्या संख्येला निःशेष भागणारा आकडा सापडला तर हिचं उरणं संपेल. वेडेपणाच. सतराने भागलं, बाकी सहा. मान वर केली, तर मोहाखाली सहा मुली.

१३ जानेवारी
एकोणीस, बाकी तेरा. तेवीस, सोळा. जितकी बाकी, तितक्या मुली बाहेर. एकतीसला दोनच उरल्या. तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. सदतीस. बाकी पस्तीस.

१५ जानेवारी
त्रेचाळीस. बाकी एक्केचाळीस, आणि त्यांत करिश्मा. वर्गातही करिश्मा बसलेली आहे, पण हाक मारली तर ओ देत नाही. गुणाबाई म्हणाल्या, "पोरगी कालपासून जेवून नाई राह्यली. काय झालं हो तिले?" मीच तिला त्या बाकीत ओढलं.

१७ जानेवारी
सत्तेचाळीस. त्रेपन्न. एकोणसाठ. नाही. डोळे मिटतात. एकसष्टला सहा, करिश्मा त्यांत. सदुसष्टला दोन— ती आणि ती पहिली मुलगी. अजून एकच—

१८ जानेवारी
एकाहत्तर. बाकी शून्य. दोनदा ताडून पाहिलं. मोहाखाली कोणी नाही. करिश्मा पोटभर भात जेवली. मी तिच्याजवळ बसून रडले.

२० जानेवारी
प्रार्थनेची घंटा. मैदानात रांगा— एकाहत्तर. शेवट दिसत नाही, थेट झाडीत गेल्यात. मी बाकीच पाहिली, भागाकार किती आला ते पाहिलंच नव्हतं. दहा हजार एकशे एक्कावन्न. एकेका रांगेत तेवढ्या. आता कोणीच उरलेलं नाही.
करिश्माने हजेरीपुस्तक हातात दिलं. म्हणाली, "घ्या ना मॅडम. साऱ्याच आल्या."

दुपार. सात लाखांतली दोनशे नावं लिहून झाली.

ऊन उतरलं. सहाशे बारा. मुली बसू देत नाहीत. पुढची आपलं नाव सांगते—